न लावलेल्या भाताचा पंचनामा

कुडाळ तालुक्यात आमच्या घराच्या खालच्या अंगाला वीस गुंठ्यांचा मळा आहे. बाबांनी त्यात भात लावणं सोडलं, त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. शेवटच्या वर्षी भात दुधावर आलं होतं आणि एका रात्रीत रानडुकरांचा कळप येऊन गेला. डुक्कर खातं थोडं, लोळवतं जास्त. सकाळी बघितलं तर निम्मं भात आडवं आणि बांध उकरलेले.

त्याआधी दोन वर्षं बाबांनी सगळं करून पाहिलं होतं. आईच्या जुन्या साड्या कुंपणाला बांधल्या. सलूनमधून कापलेले केस आणून बांधावर पसरले, का तर वास घेताना ते डुकराच्या नाकात जातात म्हणे. माळा घातला, रात्र रात्र डबा वाजवला. डुकरं चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी डब्याच्या तालावर जेवली. पासष्टीच्या माणसाने किती रात्री जागायचं? आता तांदूळ दुकानातून येतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की २०२६च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसानही पंतप्रधान पीक विमा योजनेत धरलं जाईल. ७२ तासांच्या आत ॲपवरून कळवायचं, जिओटॅग केलेले फोटो टाकायचे. मी लगेच घरी फोन लावला. म्हटलं, आता काळजी नको, फॉर्म मी इथे बसून भरतो.

बाबा म्हणाले, "काय लिवतलंस? लावूकच नाय, तर डुकरांनी खाल्ल्यानी काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आणि माझं भांडण नेमकं याच्याशी आहे. डुकरांच्या नुकसानीचा आपला सगळा हिशेब उभ्या पिकावर चालतो. शेतकऱ्याने पेरलं, डुकराने खाल्लं, फोटो काढला, पंचनामा झाला, तरच ते नुकसान. भीतीने जे पेरलंच नाही, त्याला कुठल्याच कागदावर रकाना नाही.

हे बारीकसारीक वाटत असेल, तर त्याच घोषणेतली पुढची ओळ वाचा. कुठल्या प्राण्यांमुळे नुकसान होतं आणि कुठले जिल्हे किंवा विमा घटक जास्त धोक्यात आहेत, हे राज्यांनी ठरवायचं आहे, आणि तेही जुन्या आकडेवारीवरून. आता ही जुनी आकडेवारी येते कुठून? आलेल्या तक्रारींतून, झालेल्या पंचनाम्यांतून. म्हणजे जिथे लोक अजून लढतायत, तिथले आकडे फुगणार. जिथे लोक हरून गप्प बसले, तिथे शून्य.

माझ्या पहिल्या नोकरीत असंच झालं होतं. एका ॲपच्या तक्रारी तीन महिन्यांत धडाधड कमी झाल्या. टीमने केक कापला. मग कुणीतरी दुसरा आलेख उघडला. लोकांनी ॲपच फोनमधून उडवलं होतं. तक्रार करायला माणूस शिल्लक असावा लागतो, हे तेव्हा कळलं. आमच्या वाडीचंही तेच आहे. कागदावर बघाल तर आमच्या मळ्यात गेली दोन वर्षं डुकरांनी एक दाणाही खाल्लेला नाही.

"पण तुम्हीच त्यांच्या जंगलात घुसलात ना?" जेवणाच्या सुट्टीत हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे मनाने चांगले असतात, म्हणून नीट सांगतो. आमचा मळा पणजोबांनी बांधून काढला. रानडुक्कर काही घनदाट अरण्यातच राहणारं जनावर नाही. दडायला झाडोरा, लोळायला चिखल आणि जवळ शेत, एवढं त्याला पुरतं. कोकणात उलटं झालंय. माणसं मुंबई-पुण्याला गेली, जमिनी पड राहिल्या, त्यांत रानमोडी माजली आणि डुकरांना घरापासून हाकेच्या अंतरावर दडण मिळालं. घुसायला आम्ही तिथे आहोत कुठे? या निघून गेलेल्यांत मीही आहे, हे लपवत नाही.

दुसरा प्रश्न गावाकडून येतो : सरळ गोळी का घालत नाहीत? माझा त्याला तात्त्विक विरोध नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच कलम ११ आहे. उभ्या पिकाला धोका झालेलं डुक्कर मारायची परवानगी त्याखाली देता येते. कलम ६२खाली केंद्राला एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी ठरवता येतो. बिहार आणि उत्तराखंडात रानडुकरांबाबत हे झालंय. २०१६मध्ये अशा परवानग्यांवरून प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले होते. केरळने २०२२मध्ये परवानगीचा अधिकार पंचायतींपर्यंत खाली आणला. पश्चिम घाटाच्या अहवालासाठी ज्यांचं नाव आपण आदराने घेतो, त्या माधव गाडगीळांनीही रानडुकरांना सरसकट संरक्षण देण्याला उघड विरोध केला होता. तेव्हा या मागणीला क्रूर म्हणून उडवून लावू नका.

आणि पुढचं दार बंद ठेवलं की लोक मागच्या दाराने जातात. गावोगाव फासक्या लागतात, कुंपणात चोरून वीज सोडली जाते. फासकी लावतात डुकरासाठी, अडकतो बिबट्या, म्हणजे डुकराची पिल्लं खाणारा नेमका तोच. केरळात मे २०२०मध्ये स्फोटकं भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण मेली, तेव्हा सगळा देश हळहळला. असले सापळे तिकडे रानडुकरांसाठी लावतात, याकडे किती जणांनी पाहिलं?

पण बंदूक हे पूर्ण उत्तर नव्हे. आमच्या वाडीत घरटी दोन म्हातारी माणसं उरलीत. परवानगी आली तरी रात्री दबा धरून बसणार कोण?

मग राहते भरपाई. वन खात्याकडूनही ती मिळते, पण अर्जासोबत सातबारा लागतो. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. सात मुंबईत, दोन स्वर्गात, एकाशी बाबांचं बोलणं नाही. चौदा संमत्या गोळा होईपर्यंत डुकरीण पुन्हा विते. डुकराला जेवायला सातबारा लागत नाही, म्हणून तो आमच्यापेक्षा वेगवान.

त्याच कायद्याचं कलम ३९ तर वाचण्यासारखं आहे. रानडुक्कर मेलेलं सापडलं, तर ते राज्य सरकारची मालमत्ता. मेल्यावर सरकारचं, आणि जिवंत असेपर्यंत त्याच्या जेवणाचा खर्च बाबांचा. एखादा प्राणी सगळ्या समाजाला जगवायचा असेल तर जरूर जगवू. पण मग त्याचं बिलही सगळ्यांनी वाटून घ्यायला हवं. आज ते वीस गुंठेवाल्याच्या माथी मारलं जातं आणि आपण पुण्यात बसून निसर्गप्रेमी ठरतो.

माझी मागणी छोटी आहे. महाराष्ट्रात २०२१पासून ई-पीक पाहणीचं ॲप आहे. शेतकरी त्यात स्वतःचं पीक नोंदवतो, तशी पड जमीनही नोंदवतो. तिथे पड का, हे विचारा. पाणी नाही, मजूर नाही, वन्य प्राणी : चार-पाच पर्याय पुरे. ते उत्तर विम्याचे धोक्याचे भाग ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचवा आणि शून्य तक्रारींच्या गावाला सुरक्षित समजण्याआधी ते वाचा. डुकरांमुळे पड गेलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणणाऱ्याला कुंपणासाठी आधी हात द्या, भरपाईचं नंतर बघू. असले पर्याय मी रोज लिहितो. कोडचं काम एका दिवसाचं आहे. अवघड आहे ते 'न लावलेलं भात' हेही नुकसान आहे, हे मान्य करणं.

गणपतीत घरी गेलो तेव्हा बाबांनी मळा दाखवला. रानमोडी छातीएवढी झालीय आणि मधोमध गवत दाबून केलेली डुकरांची बसायची जागा स्पष्ट दिसते. दिवसा ती तिथे झोपतात. रात्री उठून शेजारच्या काकींच्या भातात जातात. काकींनी अजून लावणं सोडलेलं नाही. येत्या खरिपात त्या फोटो काढतील, ७२ तासांच्या आत पाठवतीलही. सगळं सुरळीत झालं तर यादीत त्यांचं शेत येईल.

डुकरं मात्र आमच्या मळ्यात राहतात, आणि तिथे सरकारी हिशेबाने काहीच घडलेलं नाही.