बोर्डिंगने काढलेला विद्यार्थी

दशलक्षण पर्व आटोपले की समाजात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. क्षमावाणीच्या कार्यक्रमाला जोडूनच गुणगौरव समारंभ घेण्याची पद्धत आता गावोगाव रुळली आहे. मंडप तोच, ध्वनिक्षेपक तोच, भोजनाची व्यवस्था तीच. खर्चातही बचत होते. दहावी-बारावीची मुले, नवे सी.ए., नवे डॉक्टर यांचे कौतुक झाल्यावर शेवटी पाळी येते ती समाजाच्या बोर्डिंगमध्ये किंवा महाविद्यालयात शिकून मोठ्या पदाला पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राची भाषा इतकी ठरून गेली आहे की नाव बदलले तर एकाचे मानपत्र दुसऱ्याला सहज चालावे.

व्यापारी घरांना हिशेबाची सवय असते, म्हणून या समारंभाकडेही हिशेबाच्या अंगाने पाहिले तर ते त्यांना खटकणार नाही. ज्या आजोबांनी पेढीच्या नफ्यातून बोर्डिंगच्या एका खोलीचा खर्च उचलला, त्यांच्या नातवाने त्या खोलीतून पुढे काय निपजले हे विचारणे रास्तच आहे. अडचण येते ती जमेच्या बाजूला काय मांडायचे याची. निमंत्रणपत्रिकेवर 'उज्ज्वल कारकीर्द व समाजसेवा' असे छापलेले असते. निवड समितीच्या बैठकीत मात्र कारकिर्दीची चौकशी पदावरून आणि उलाढालीवरून होते, आणि समाजसेवेची संस्थेकडे आलेल्या देणगीच्या पावतीवरून. ज्याचे पद लहान आणि ज्याच्या नावे पावती नाही, तो यादीत येत नाही. त्याला कोणी दुष्टाव्याने वगळत नाही; तो कोणाला आठवतच नाही.

नेमक्या याच दिवसांत, 22 सप्टेंबरला, समाजाच्या बोर्डिंगमध्ये राहिलेल्या एका विद्यार्थ्याची जयंती येते. बाहुबलीच्या डोंगराजवळच्या कुंभोज या गावी 1887 साली त्याचा जन्म झाला. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, शेतकरी दिगंबर जैनांचे. इंग्रजी शिक्षणासाठी मुलाला कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातले आणि राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये केली. हाच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला.

त्या काळातील बोर्डिंगचे महत्त्व आज सहज ध्यानात येत नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली 1899 साली, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली ती 1901 पासून. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा होती, पण राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नव्हते. शास्त्रांत सांगितलेल्या चार दानांपैकी आहारदान आणि ज्ञानदान ही दोन्ही बोर्डिंगमध्ये एका छपराखाली घडत होती. कुंभोज-ऐतवड्याच्या मुलाच्या वाट्याला ती आली, हे त्या संस्थेचे मोठे पुण्य होय.

पण भाऊराव त्या बोर्डिंगमध्ये टिकले नाहीत. 1908 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करूनच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगचे दार त्यांना बंद झाले. ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. बोर्डिंगचा कारभार तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे पाहत होते. लठ्ठे जुन्या मताचे गृहस्थ मुळीच नव्हते. एम.ए. झालेले, राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, जैन सभेच्या स्थापनेत पुढे असलेले, पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि 1937 च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झालेले असे ते सुधारक होते. तरीही बोर्डिंगचा नियम हा नियम होता, आणि मुलाने तो मोडला होता. संस्था चालवणाऱ्या कोणालाही लठ्ठे यांची बाजू समजू शकेल. एका मुलाला सूट दिली तर शंभर पालक विचारायला येतात.

सहा वर्षांनंतर, 1914 मध्ये, कोल्हापुरात ब्रिटिश बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय लठ्ठे यांच्यावर वळवण्याची खटपट सुरू झाली आणि त्यासाठी खोट्या साक्षीची गरज भासली. ज्याला लठ्ठे यांच्या शिस्तीमुळे बोर्डिंग सोडावे लागले, तो भाऊराव या कामी उपयोगी पडेल असा हिशेब कोणीतरी केला असावा. हिशेब साफ चुकला. भाऊरावांनी साक्ष द्यायचे नाकारले. त्यापायी त्यांना तुरुंगात जावे लागले, छळ सोसावा लागला. जीव देण्याच्या टोकापर्यंत ते गेले, पण खोटे बोलले नाहीत.

क्षमावाणीच्या दिवशी घरोघर 'उत्तम क्षमा' म्हणत हात जोडले जातात. हात जोडणे अवघड नसते. ज्याने आपल्याला दाराबाहेर काढले त्याला बुडवण्याची संधी समोरून चालून आली असता, अंगावर मार घेऊन ती परत करणे हा त्याच क्षमेचा आणि सत्यव्रताचा प्रकार आहे, आणि तो बोर्डिंगच्या कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदवता येत नाही. बोर्डिंगमधल्या रोजच्या प्रार्थनेचा, पाठाचा तो परिणाम होता की घरच्या संस्कारांचा, हे ठरवण्याचे साधन नाही. तरीही एवढे म्हणायला हरकत नसावी की त्या वास्तूतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत धर्माची परीक्षा इतक्या कठीण प्रश्नपत्रिकेवर फारच थोड्यांनी दिली असेल.

आता कारकीर्द. शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरे झाले नाही. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी काही काळ पोट भरले. नंतर ओगले यांच्या काचकारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव फिरले. फिरत्या विक्रेत्याचे काम व्यापारी वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकायचा म्हणजे आधी त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या घरातले लग्न, कर्ज, खटला सगळे ऐकावे लागते. भाऊराव नांगर विकत हिंडले आणि खेड्यातले अज्ञान पाहत गेले. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्याबरोबर लोखंडी कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. तेथे मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी पुन्हा धंद्याकडे पाहिले नाही. उत्तम विक्रेता म्हणून नाव झालेला माणूस ऐन उमेदीत धंदा सोडतो, याचा घरच्यांना काय अर्थ लागला असेल, ते ज्या घरात असे घडले आहे त्यांनाच ठाऊक.

सेवेचे काम मात्र धंद्याच्याही आधी सुरू झाले होते. 1910 मध्येच दुधगावला मित्रांच्या साथीने त्यांनी एक विद्यार्थी आश्रम काढला होता. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढले, त्याला शाहू महाराजांचे नाव दिले आणि त्यात महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला बसवली. ज्या एका नियमापायी स्वतःचे बोर्डिंग सुटले होते, तेवढा नियम वगळून बाकीची रचना जवळजवळ तीच होती. सामुदायिक जेवण, पहाटे उठणे, स्वतःची कामे स्वतः करणे, अभ्यासाची वेळ पाळणे. 1927 च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी या बोर्डिंगला भेट दिली.

या बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचा उल्लेख न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाई पाटील सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढल्या होत्या. त्यांनी ते सोवळे बाजूला ठेवून सर्व जातींच्या मुलांना आईसारखे वाढले. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्या वारल्या. संस्थेच्या मोठेपणाचे दिवस त्यांनी पाहिले नाहीत. सत्कार समारंभात माजी विद्यार्थ्याच्या शेजारी पत्नीला बसवून तिला फक्त साडी-ओटी देण्याची जी चाल आहे, ती या पार्श्वभूमीवर जरा तपासून पाहण्यासारखी आहे. पुष्कळदा सेवेचा खरा खर्च तिनेच सोसलेला असतो.

पुढे 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्हीकडे सूत्र एकच होते. ज्याच्याजवळ फी भरायला पैसा नाही त्याने शेतात, बांधकामावर श्रम करावे आणि शिकावे. खडी फोडणारी, विहीर खणणारी मुले पदवीधर झाली. त्यांतलेच एक पां. ग. पाटील. साताऱ्याच्या बोर्डिंगमधून ते पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत त्यांना पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळू शकत होते. ते रयतेच्या कामात परत आले, संस्थेचे सचिव झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कारकीर्द आणि सेवा हे निमंत्रणपत्रिकेवरचे दोन शब्द त्यांच्या बाबतीत वेगवेगळे मांडता येत नाहीत.

भाऊरावांना 1959 मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि मॅट्रिक न झालेल्या या माणसाला त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. 9 मे रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. म्हणजे मोठे सन्मान आले ते अगदी अखेरीस. आज त्यांचे नाव घेताना समाजाची छाती अभिमानाने फुगते, जयंतीला प्रतिमापूजन होते. हे सोपे आहे. कठीण प्रश्न वेगळा आहे. 1920 साली एखाद्या समितीपुढे हे नाव आले असते तर काय झाले असते? शिक्षण अपुरे, बोर्डिंगमधून काढलेला, एकदा तुरुंगात जाऊन आलेला, चालता धंदा सोडण्याच्या बेतात, आणि सेवा करतो ती प्रामुख्याने आपल्या समाजाबाहेरच्या मुलांची. समितीतल्या सज्जनांनी चहा घेतला असता आणि पुढचे नाव वाचले असते.

असे अर्ज आजही येत असतात, किंवा खरे तर येत नाहीत. बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एखादा शिक्षक आडगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे काढतो. किराणा दुकान चालवणारा एखादा माजी विद्यार्थी दरवर्षी दोन मुलांची फी भरतो आणि त्याचा गाजावाजा करीत नाही, कारण गुप्तदानाचे पुण्य अधिक असे त्याला लहानपणी याच बोर्डिंगमध्ये शिकवलेले असते. त्याचा सत्कार करायचा तर त्याचे दान उघड करावे लागते. न करावा तर पुढच्या मुलांना त्याचे उदाहरण कळत नाही. या पेचाला सरळ उत्तर नाही. काही ठिकाणी यावर मार्ग काढतात तो असा की दात्याचे नाव न घेता त्याने शिकवलेल्या मुलालाच बोलते करतात. तेवढ्याने पुष्कळ काम होते.

तत्त्वार्थसूत्रात दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते असे सांगितले आहे. सत्काराच्या अर्जात मात्र बहुधा द्रव्याचाच रकाना असतो. उरलेल्या तीन रकान्यांसाठी कागदावर जागा करणे फारसे अवघड नसावे. माजी विद्यार्थ्याने काय दिले याबरोबर कोणाला दिले, कसे दिले आणि देताना स्वतःजवळ किती उरले, हे विचारता येईल. अर्ज त्याच्याकडून न मागवता त्याच्या गावच्या दोन-चार माणसांकडून माहिती घेता येईल. त्यांत एखादा समाजाबाहेरचा असला तर फारच बरे. आणि ज्यांचे संस्थेशी पटले नाही, जे भांडून गेले, त्यांच्या नावापुढची फुली पुसायला क्षमावाणीइतका दुसरा योग्य मुहूर्त सापडणार नाही.

बहुतेक जुन्या बोर्डिंगांच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते. त्यात प्रवेशाची जाडजूड रजिस्टरे असतात, कोपरे कुरतडलेली, शाई फिकी झालेली. शेवटच्या रकान्यात विद्यार्थी कधी व का गेला याची नोंद असते. कोणी परीक्षा देऊन गेला, कोणी वडील वारले म्हणून दुकानावर बसायला गेला, आणि काहींच्या पुढे नुसतेच 'कमी केले' असे लिहिलेले असते. दिवाळीच्या वहीपूजनाआधी पेढ्यांवर जुन्या येण्यांची याद्यांवरून छाननी होते, तशी या रजिस्टरांचीही एकदा व्हावी. 'कमी केले' अशी नोंद असलेल्यांपैकी आज कोण कोठे आहे आणि काय करतो, याचा शोध घ्यायला दोघा-तिघांना एक रविवार पुरेल.