वेदीवरचा द्राक्षारस आणि मांडवातली बाटली

शुभवर्तमानातील काना गावच्या लग्नाचा दाखला आज आपल्या समाजात ज्या कामी वापरला जातो, ते पाहून संत योहानालाही खेद झाला असता. मांडवामागे व्हिस्कीचे खोके उतरवायचे आणि कोणी हटकले, तर ‘प्रभूनेच नाही का पाण्याचा द्राक्षारस केला?’ असे विचारून मोकळे व्हायचे! ही रीत शहरांपुरती राहिलेली नाही. वैरागसारख्या ज्वारी-तुरीच्या मुलखात एका लग्नाचे कर्ज फेडायला दोन-दोन सुगी पुरत नाहीत. तेथेही ती येऊन पोहोचली आहे. बायबलची साक्ष काढून ती उभी राहत असल्यामुळे तिचा समाचार घेणे आम्हां धर्मगुरूंचे कर्तव्य ठरते.

प्रथम कानाविषयी. सहा दगडी रांजण सर्वांच्या लक्षात असतात; परंतु त्या घरातला द्राक्षारस संपला होता, हे कोणी आठवत नाही. ते घर बेताच्या ऐपतीचे असावे. प्रभूने त्या कुटुंबाला लाजेतून सोडवले. आपण ऐपतीबाहेर खर्च करून कुटुंबाला सावकाराच्या दारी लोटतो आणि वर त्याच प्रभूचे नाव घेतो! शिवाय त्या भोजनप्रमुखाने द्राक्षारस चाखून चांगला ठरवला. तो कोठून आला, हेदेखील त्याला ठाऊक नव्हते. किंमत आणि परदेशी लेबल पाहून वाहवा करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. कानाचा दाखला देणाऱ्यांनी करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्यायही वाचावा. प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी एक भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो, हे पाहून संत पौल किती संतापला आहे! आमच्या लग्नांत मांडवामागे पुरुष झिंगतात आणि पंगतीत बायका-मुले ताटकळत बसतात. करिंथचे हे चित्र आपल्याला परके आहे काय?

दुसरा युक्तिवाद सुशिक्षितांचा. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्याला कडाडून विरोध झाला आणि त्या वादात ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य महाराष्ट्रभर दुमदुमले. हे वाक्य खोटे आहे. साधा हिशेब पाहा. बारा टक्के मद्यार्काच्या वाईनचा 150 मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर पोटात 18 मिलिलिटर मद्यार्क जातो. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीची 180 मिलिलिटरची क्वार्टर संपवली, तर 77 मिलिलिटर. दोहोंत फरक मापाचा आहे, जातीचा नाही. वाईनची अख्खी बाटली एकट्याने रिचवणारा क्वार्टरवाल्याच्याही पुढे जातो. ‘पोटासाठी थोडा द्राक्षारस घे’ हा तीमथ्याला दिलेला सल्ला पुढे करून वाईनला औषध ठरवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट नोंदवितो. मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रकृतीसाठी म्हणून कोणीही पिऊ नये.

मग वाईन घरात येऊच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. ज्या ख्रिस्तसभेच्या वेदीवर रोज भाकरीशेजारी द्राक्षारस ठेवला जातो, तिला द्राक्षवेलीचे फळ अपवित्र म्हणता येणार नाही. स्तोत्रकर्त्याने तर मनाला आनंद देणाऱ्या द्राक्षारसाबद्दल भाकरीबरोबरच देवाचे आभार मानले आहेत. बेन सिराच्या ग्रंथात द्राक्षारसाचा विचार पंगतीच्या रीतिभातींच्या ओघातच येतो. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात संन्याशांना दिवसाकाठी एक ‘हेमिना’, म्हणजे सुमारे पाव लिटर, द्राक्षारस पुरेसा मानला आणि ज्यांना तोही वर्ज्य करता येईल त्यांना विशेष प्रतिफळ मिळेल असे सांगितले. या सर्वांत एक धागा समान आहे: द्राक्षारसाची जागा अन्नाशेजारी, मापात आणि सर्वांसमक्ष. अन्नापासून तोडलेली, मांडवामागे लपवलेली वाईन ही निव्वळ दारूच होय.

ती निवडावी कशी, याचे उत्तरही ख्रिस्तसभेच्या कायद्यात सापडते. 1983 च्या धर्मसंहितेचा 924 वा नियम वेदीवरच्या द्राक्षारसाविषयी तीन अटी घालतो: तो नैसर्गिक असावा, द्राक्षाचाच असावा आणि बिघडलेला नसावा. किंमत किती, देश कोणता, हे तो नियम विचारत नाही. जी कसोटी वेदीला पुरते, ती आमच्या जेवणाच्या टेबलाला अपुरी का वाटावी?

या कसोट्या व्यवहारात अशा वापराव्यात. ‘पोर्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त गोड बाटल्यांत वरून साखर किंवा मद्यार्क घातलेला असू शकतो. म्हणून लेबल वाचावे. साधी पांढरी वाईन जुनी करून चांगली होत नाही. लेबलवरील सुगीचे साल दोन-तीन वर्षांपलीकडचे नसावे. सोलापूरचा पारा मे महिन्यात बेचाळिशी ओलांडतो. दुकानाच्या उन्हातल्या फळीवर उभी असलेली बाटली कितीही नामांकित असो, घेऊ नये. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असले म्हणून वाईन हलकी ठरत नाही. लवकर प्यायच्या वाईनला तेच सोयीचे. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. शिरक्याचा वास आला, तर स्वयंपाकात वापरावी किंवा ओतून द्यावी.

परदेशी बाटलीचा हव्यास तर निखालस अडाणीपणाचा आहे. आयात वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते; पाहुण्यांपुढे मिरवलेल्या किमतीत द्राक्षाचा वाटा किती आणि कराचा किती, याचा विचार मिरवणाऱ्याने केला होता काय? उलट 2001 साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात, मोटेवाडी-गारवाडच्या माळावर, फ्रातेल्लीच्या मळ्यांत सँजिओव्हेसे ही इटलीची द्राक्षे पिकतात. वैरागहून सोलापूरला जाताना लागणाऱ्या नान्नजचे नाव तर नानासाहेब काळे यांच्या सोनाका द्राक्षाने सर्वदूर नेले. खाण्याची द्राक्षे वेगळी आणि वाईनची वेगळी, हे खरे. पण छाटणीपासून काढणीपर्यंत दोन्हींमागे राबणारे हात याच मातीतले आहेत. मिस्सामध्ये आपण ज्या मानवी श्रमांचे अर्पण करतो, ते श्रम हेच. हजार रुपयांच्या आत मिळणारी, या मातीतली बाटली आपल्या मेजाला पुरेशी शोभते.

आता जेवणाविषयी. ‘आमच्या भाकरी-आमटीला कसली वाईन?’ असे म्हणणारे स्वतःच्या अन्नाचा अपमान करतात. नियम मोजके आहेत. तिखटावर तुरट आणि चढ्या मद्यार्काची तांबडी वाईन घेतली, तर जीभ अधिकच भाजते. म्हणून शेंगाचटणी, धपाटे, झणझणीत रस्सा यांच्याबरोबर गार केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बरी. चुका किंवा चिंच घातलेल्या आंबट पदार्थाबरोबर तितकीच आंबूस वाईन हवी. तेथे सोव्हिनियाँ ब्लाँ जुळते. भज्यांसारख्या तळणाला फेसाळणारी वाईन मानवते. मटण सुके, चरबीचे आणि बेताच्या तिखटाचे असेल, तर शिराझचा तुरटपणा त्या चरबीला आवर घालतो. मात्र आमच्या उन्हाळ्यात तांबडी वाईनही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच वाढावी. पुरणपोळी किंवा शेंगांच्या पोळीबरोबर कोरडी वाईन आंबट लागते. पदार्थाहून वाईन गोड हवी, नाहीतर तिच्या वाट्याला जाऊच नये. पोळीला तूप-दूध पुरेसे आहे.

लग्नघरच्या यजमानांनी आणखी एक हिशेब करावा. एका बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच पेले होतात. शंभर जणांना शुभेच्छेसाठी अर्धा-अर्धा पेला दिला, तरी दहा बाटल्यांत भागते. न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी द्राक्षांचा ताजा रस किंवा कोकम सरबत तशाच पेल्यांत, त्याच पंगतीत द्यावे. म्हणजे कोणी वेगळा पडणार नाही. व्हिस्कीच्या खोक्यांपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल. आणि कोणाचे नाक कापले गेलेच, तर ते फुकटची क्वार्टर हुकलेल्याचे कापले जाईल, यजमानाचे नव्हे!

या सर्वांवर एक मर्यादा आहे आणि तिच्यात सूट नाही. ज्या घरात एकजण जरी दारूच्या विळख्यात आहे किंवा नुकताच त्यातून बाहेर आला आहे, त्या घरात अर्धा पेलाही येता कामा नये; नाताळात नाही आणि लग्नातही नाही. अशा माणसाला आग्रह करणारा सोयरा पाहुणा नसून वैरी होय. गावोगावच्या आमच्या भगिनींनी ‘आडव्या बाटली’साठी रांगा लावून मत दिले, ते हौसेने नव्हे, त्यांच्या पाठीवरचे वळ त्या मतपेटीत बोलले. वाईनच्या चवीची चर्चा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आधी या भगिनींना उत्तर द्यावे.

बेताची किंमत, आपल्या मातीतली द्राक्षे, ताटात अन्न, हातात माप आणि शेजारी बायको-मुले: या पाच गोष्टी जुळत असतील, तर वाईन अवश्य घ्यावी व देवाचे आभार मानावेत. यांतील एक जरी कमी असेल, तर बाटली दुकानातच राहू द्यावी. वाईनवाचून कोणतेही ख्रिस्ती घर अपुरे राहत नाही. दारूपायी मात्र कितीतरी घरे बसलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.