जोडून ठेवलेला बॅकअप

मार्च महिना आपल्या संगणक दुरुस्तीच्या धंद्यात कसा जातो, ते वाचकांना वेगळे सांगायला नको. वर्षाचे हिशेब मिटवायची घाई आणि त्यातच कुणाची टॅली उघडेनाशी होते. याच महिन्याच्या ३१ तारखेला जगभर बॅकअप दिवसही पाळला जातो. म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून बॅकअपबद्दलच लिहितो आहोत. तुम्ही बसवून दिलेल्या यंत्रणेवर किती कुटुंबांचे पोट अवलंबून असते, याची जाणीव ठेवूनच हे लिहितो आहोत.

दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत विचारा, बॅकअप ‘आहे’ असेच उत्तर मिळते. बघायला गेलो तर संगणकाच्या मागे एक एक्सटर्नल डिस्क वर्षभर खोचलेली असते, किंवा डी ड्राइव्हवर ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर असतो. सी ड्राइव्हची विंडोज बिघडली तर त्याचा उपयोग होतो, एवढे खरे. पण रॅन्समवेअर शिरले की ते संगणकाला दिसणारा प्रत्येक ड्राइव्ह धुंडाळते. मागे खोचलेली डिस्क त्याला दिसते, नेटवर्कवर शेअर केलेला फोल्डरही दिसतो. विंडोज स्वतःहून ठेवते त्या शॅडो कॉपी तर बहुतेक रॅन्समवेअर आधीच पुसून टाकते. मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच वेळी कुलूपबंद होतात.

२०१७ च्या जूनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमईडॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा मालवेअर पसरला. मालवाहू जहाजांची डॅनिश कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि न्हावा-शेव्यात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. खंडणीची सूचना पडद्यावर येत होती, पण पैसे भरूनही फाइली सुटणार नव्हत्या, कारण तो बनवलाच होता विध्वंसासाठी. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसानीचा कंपनीचाच अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

या घटनेतला आपल्या कामाचा भाग पुढेच आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कुठे प्रवेश आहे, याची सगळी नोंद मर्स्कच्या डोमेन कंट्रोलरवर होती. असे सुमारे दीडशे कंट्रोलर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहे, या भरवशावर सगळे निर्धास्त होते. सगळे एकदम गेले. वाचला तो घानामधला एक, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्यामुळे. तिथले इंटरनेट इतके मंद होते, की ती प्रत शेवटी माणसाच्या हातून, नायजेरियामार्गे, इंग्लंडला पोचवावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला तारले ते त्या घडीला बंद पडलेल्या एका सर्व्हरने.

म्हणून सिंक म्हणजे बॅकअप हा समज आपण गिऱ्हाइकाच्या डोक्यातून काढलाच पाहिजे. गूगल ड्राइव्हला फोल्डर जोडून दिला की काम झाले, असे सांगणारे आपल्यात बरेच आहेत. संगणकावर फाइल बिघडली की तीच बिघडलेली फाइल वर चढते. जुन्या आवृत्त्या तिथे साधारणपणे ३० दिवस मिळतात. पण महिन्याभराने कुणाच्या लक्षात आले, तर त्याही हाती लागत नाहीत.

पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम लहान दुकानालाही झेपतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक वेगळ्या जागी. आमच्या मते दोन डिस्क आलटून-पालटून वापराव्यात. काम झाले की डिस्क काढायची आणि एक मालकाच्या घरी राहू द्यायची. ती हरवली तर सगळी खाती परक्याच्या हाती जातील, तेव्हा डिस्कला बिटलॉकर लावा. विंडोज होम असेल तर व्हेराक्रिप्ट मोफत मिळते. रिकव्हरी की किंवा पासवर्ड कागदावर लिहून मालकाच्या ताब्यात द्या, स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

बॅकअप घेतला, पण तो परत उघडून पाहिला का? २०१७ च्याच जानेवारीत गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण रोजचा बॅकअप कधीपासून बंद पडला होता आणि तसे कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तेवढ्यावर निभावले. त्या कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. आपण निदान तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या मशिनवर चढवून, टॅलीत कंपनी उघडून, शेवटचे व्हाउचर मालकाला दाखवावे. रजिस्टरमध्ये तारीख टाकून त्यांची सही घ्यावी.

या कामाचे पैसे मागायला संकोचू नका. फॉरमॅटचे पैसे मिळतात, बॅकअप मात्र ‘जाता जाता करून टाका’ असा फुकटात मागितला जातो, आणि फुकटचे काम घाईत उरकले जाते. एएमसीच्या कागदावर बॅकअप आणि तपासणी ही स्वतंत्र ओळ असू द्या, तिच्यापुढे स्वतंत्र रक्कम लिहा.

आणि रॅन्समवेअर आलेच, तर फॉरमॅट मारण्याची घाई करू नका. आधी नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा. कुलूपबंद झालेली डिस्क जपून ठेवा. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकारातून २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली पुढेमागे येऊही शकते. गिऱ्हाईक कंपनी असेल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे त्या संस्थेला सहा तासांत कळवावे लागते, तेही गिऱ्हाइकाला लगेच सांगा. घरून आणलेली बॅकअपची डिस्क बाधित मशिनला मुळीच लावू नका. ती आधी दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर उघडा, तिची आणखी एक प्रत काढा आणि मगच पुढच्या कामाला हात घाला.