लॅपटॉपच्या ‘पिढ्या’ आणि ग्राहकाची कोंडी

लॅपटॉप विकत घ्यावयास निघालेल्या माणसापुढे हल्ली पहिला प्रश्न टाकला जातो तो कामाचा नव्हे, पिढीचा. कितव्या पिढीचा हवा? आठव्या, अकराव्या की तेराव्या? जणू या पिढ्या निसर्गनियमानेच एकामागून एक जन्माला येतात आणि मागची आपोआप जराजर्जर होते! हा समज विक्रेत्यांनी परिश्रमपूर्वक रुजविला आहे. हप्त्याने यंत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला आणि तुटपुंज्या पगारातल्या शिक्षकाला त्याची किंमत रोख मोजावी लागत असल्यामुळे तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम या ‘पिढी’ शब्दाचेच पाहू. इंटेलने २०१९ मध्ये दहावी पिढी म्हणून लॅपटॉपसाठी जे प्रोसेसर बाजारात आणले, त्यांत दोन निरनिराळ्या घडणीचे प्रकार होते. एक नव्या १० नॅनोमीटर प्रक्रियेवरचा, तर दुसरा २०१५ पासून चालत आलेल्या १४ नॅनोमीटरच्या घडणीचीच डागडुजी केलेली आवृत्ती. बारसे मात्र दोहोंचे एकच! एएमडीनेही यात कसूर ठेवलेली नाही. तिच्या ७००० मालिकेतील रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरचा गाभा झेन-२, म्हणजे २०१९ सालच्या रचनेचा. त्याच मालिकेतील ७६४०यूचा गाभा झेन-४. दुकानातल्या पाटीवरून हा भेद सामान्य ग्राहकाला उमगावा कसा?

तथापि सर्वच पिढ्या थोतांड आहेत, असे म्हणणे हा दुसरा अतिरेक होईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली थिंकपॅड यंत्रे मिळतात. त्यांतील २०१७ चे टी-४७० आणि २०१८ चे टी-४८० ही जोडी विचारात घ्यावी. वरकरणी दोन्ही सारखीच. दोहोंत स्मृतीच्या पट्ट्या बसविण्याच्या दोन खाचा आहेत आणि मागची बॅटरी हाताने काढता येते. परंतु टी-४७० मधील सातव्या पिढीच्या प्रोसेसरला दोन गाभे, तर टी-४८० मधील आठव्या पिढीच्या प्रोसेसरला चार. हा फरक खरा आहे, कामात जाणवणारा आहे. किमतीत फार तफावत नसेल तर टी-४८० घ्यावे, यात दुमत होण्याचे कारण नाही.

पण या दोहोंमध्ये खरी भिंत उभारली गेली ती गाभ्यांमुळे नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या यादीमुळे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागची जवळजवळ सर्व यंत्रे अपात्र ठरविली. कारण दिले गेले सुरक्षिततेचे. वस्तुतः ज्या टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेचा एवढा गवगवा झाला, ती टी-४७० मध्येही आहे. आणि सातव्या पिढीतील एका प्रोसेसरला, आय७-७८२०एचक्यूला, मोजक्या यंत्रांपुरती सवलत मिळाली; त्या मोजक्यांत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सर्फेस स्टुडिओ २ होता. कंपनीच्या घरच्या यंत्रापुरता नियम वाकतो, मग तो तांत्रिक नियम कसला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नित्याचा आधार संपला. मुदतवाढीच्या एका वर्षासाठी ३० डॉलर भरा, नाही तर यंत्रावरील मांडणी कंपनीच्या साठवणीत जोडून द्या, असा पर्याय पुढे आला. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहक संघटनांनी दडपण आणताच तेथे ही मुदतवाढ त्या अटीशिवाय विनामूल्य झाली. भारतीय ग्राहकाला ती सवलत नाही. येथील ग्राहक संघटित नाही एवढाच याचा अर्थ.

आता टी-४८० च्या पुढचे पाऊल पाहावे. २०१९ च्या टी-४९० मध्ये बाहेरून काढता येणारी बॅटरी गेली आणि स्मृतीचा एक भाग मूळ फळीवरच डाखून टाकण्यात आला. अधिक सडपातळ भावंडांत तर सगळीच स्मृती डाखलेली! म्हणजे नवी पिढी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी पुढच्या पाच-सहा वर्षांची गरज ओळखून जादा पैसे मोजावेत. चुकला तर यंत्रच बदलावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव भडकले, तेव्हा ही अडवणूक अधिकच बोचरी झाली. यंत्र पातळ हवे तर हे अटळच, असे सांगितले जात असे. परंतु त्याच कंपनीने २०२४ च्या टी-१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोन खाचा परत आणल्या आणि बॅटरी ग्राहकाला बदलता येईल अशी केली! अटळ होते ते पाच वर्षांत टळले कसे?

लेखन, हिशेब, अभ्यास, प्रोग्रामिंगचे प्राथमिक शिक्षण एवढ्या कामांना १६ जीबी स्मृती आणि एसएसडी घातलेले टी-४८० आजही पुरते. ज्याच्याकडे टी-४७० आधीच आहे त्याने ते भंगारात न काढता त्यावर लिनक्स चढवावे. चलच्चित्र-संपादन वा जड अभियांत्रिकी आरेखन करणाऱ्याने, किंवा दिवसभर वीज नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्याने नवे यंत्र अवश्य घ्यावे. त्यांच्या बाबतीत ती चैन नव्हे. मात्र पिढीच्या आकड्याआधी खाचा मोजाव्यात.

२०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो. तेव्हा हा प्रश्न एकेका ग्राहकाच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, नंतर संकेतस्थळही उघडले. पण उत्पादकावर बंधन घालणारा कायदा काही आला नाही. तो येईपर्यंत विद्यापीठांनी, जिल्हा परिषदांनी आणि सरकारी कार्यालयांनी स्मृती व बॅटरी बदलता येणारीच यंत्रे घेण्याची अट आपल्या निविदांत घालावी. टी-१४ समोर असताना, अशी यंत्रे बाजारात मिळत नाहीत ही सबब कोणत्याही खरेदी अधिकाऱ्याला आता सांगता येणार नाही.