रुग्णाचे दप्तर रुग्णाच्या हाती

शासकीय रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपरसाठी तासन् तास तिष्ठणाऱ्या माणसाचे हाल यंत्रसाधनांमुळे काही अंशी कमी झाले आहेत, हे अत्यंत साशंक वृत्तीच्या टीकाकारालाही मान्य करावे लागेल. २७ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' देशभर सुरू झाले, आणि आता चौदा अंकी 'आभा' क्रमांक काढलेल्या रुग्णाने बाह्यरुग्ण विभागात लावलेला क्यूआर कोड आपल्या फोनने टिपला की, जिथे ही सोय आहे तिथे, त्याचे नाव, वय आणि गाव आपोआप कारकुनाच्या संगणकावर उमटते व त्याच्या वाट्याला एक टोकन येते. त्याआधी, २०२० च्या टाळेबंदीत, मोहालीच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेल्या 'ई-संजीवनी'ने घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय केली होती. आता उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी त्याच मार्गाने दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊ शकतो.

परंतु रांग मोडणे ही एक गोष्ट आणि रुग्ण व वैद्य यांच्यातील अबोला मोडणे ही अगदी निराळी गोष्ट होय. खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंतचा मार्ग सुकर झाला तरी खोलीतील संभाषण जर पूर्वीइतकेच त्रोटक, एकतर्फी आणि परभाषेत राहिले, तर या साऱ्या खटाटोपाने कारभाराची सोय झाली एवढेच म्हणता येईल. रुग्ण आपल्या उपचाराचा भागीदार झाला असे म्हणता येणार नाही.

घरी सोडताना रुग्णाच्या हाती पडणारे डिस्चार्ज कार्डच पाहा. निदान इंग्रजीत, तेही आद्याक्षरांत. औषधांपुढे कुठे 'बी.डी.', कुठे 'टी.डी.एस.', कुठे 'एच.एस.' अशा लॅटिन संज्ञा, म्हणजे अनुक्रमे दिवसातून दोनदा, तीनदा आणि झोपताना. आणि तळाशी पुन्हा दाखवण्याची तारीख. ज्याच्या देहाविषयी हा सारा मजकूर आहे, त्यालाच तो वाचता येत नाही. मग औषधाच्या दुकानातला मुलगा पाकिटावर पेनाने दोन रेघा ओढतो, आणि त्या रेघांच्या भरवशावर मधुमेहाचा वा रक्तदाबाचा इलाज महिनोन् महिने चालतो.

वास्तविक या कागदांवरचा रुग्णाचा हक्क काही नवा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाचे दप्तर डॉक्टराने तीन वर्षे जतन करावयाचे असते, आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावयाची असतात. शेतकरी आपला सातबारा जसा हक्काने, आणि आता संगणकावरूनही काढतो, तसाच आपल्या देहाचा उतारा काढण्याचा रुग्णाचा अधिकार आहे. पण तो मागावा हे रुग्णाला ठाऊक नसते, आणि मागितल्यास समोरच्याच्या कपाळावर आठी पडते.

कागद खुले केले तर रुग्ण घाबरतील, भलभलत्या शंका काढून डॉक्टरांना भंडावून सोडतील, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. पण त्याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत बोस्टन, पेनसिल्व्हानिया आणि सिॲटल येथे २०१० साली शंभराहून थोड्या अधिक डॉक्टरांनी 'ओपन नोट्स' या प्रयोगात आपली टिपणे हजारो रुग्णांना संगणकावर वाचावयास दिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षअखेर एकाही डॉक्टराने माघार घेतली नाही, बहुतेक साऱ्या रुग्णांना ही प्रथा चालू राहावी असे वाटले, आणि आपण औषधे अधिक नेमाने घेऊ लागलो असे अनेकांनी सांगितले. पुढे एप्रिल २०२१ पासून तेथे हा केवळ सौजन्याचा भाग न राहता कायद्याचा विषय झाला.

आपल्याकडे ज्यांना वाचता येत नाही, किंवा ज्या घरात एकच फोन असून तो पुरुषाच्या खिशात असतो, त्यांचे काय, हा प्रश्न मात्र बोस्टनच्या अनुभवाने सुटणारा नाही. त्याचे उत्तर मुंबईतच सापडते. डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेल्या 'अरमान' संस्थेच्या 'एम-मित्र' उपक्रमात गरोदर स्त्रीला तिच्या भाषेत, तिच्या महिन्याला अनुरूप असा ध्वनिमुद्रित सल्ला साध्या फोनवर ऐकवला जातो, आणि फोन कोणत्या वेळी यावा हे ती स्त्री स्वतः ठरवते. ही शेवटची तजवीज दिसायला क्षुल्लक, पण तिच्यामागे घरातील फोन केव्हा कोणाच्या हाती असतो याची जाण आहे. आणि अशी जाण नसलेली महागडी यंत्रणा दिखाऊच राहते.

तेव्हा शासनाकडे मागणे मोजके आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड मराठीत, आणि वाचता न येणाऱ्यासाठी आवाजाच्या रूपाने, फोनवर मिळावे. औषधाविषयी शंका विचारण्यासाठी एक क्रमांक असावा, त्यावर ठरावीक मुदतीत उत्तर मिळावे, आणि ते देणाऱ्या डॉक्टर वा परिचारिकेचा वेळ हजेरीत कामाचा वेळ म्हणून धरला जावा. अन्यथा आधीच शिणलेल्या माणसांवर आणखी एक फुकटची बिगार लादली जाईल. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून अन्यत्र जाऊ नये. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कागदावर राहून भागणार नाही. आणि ज्याच्याजवळ फोन नाही, त्याच्यासाठी जुनी खिडकी उघडीच राहावी.

वाचकांनीही एक करावे. आपल्या घरचा रुग्ण रुग्णालयातून परतेल, तेव्हा त्याचे सगळे कागद लेखी अर्ज करून मागावेत, आणि न समजलेली प्रत्येक ओळ डॉक्टरांना नम्रपणे पण निःसंकोचपणे विचारावी. मागणाऱ्यांची संख्या वाढल्याखेरीज देणाऱ्यांची सवय बदलत नसते.