शेजाऱ्याची भाषा

१८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीन वेळा रणांगणात समोरासमोर उभे ठाकले. एकाचा विजयस्तंभ ही दुसऱ्याची जखम, असा हा इतिहास. २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि आडेनाउअर यांनी एलिसी करारावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा संरक्षण व परराष्ट्र धोरणाच्या जोडीला परस्परांच्या भाषांचे शिक्षण हाही विषय त्यात आवर्जून घालण्यात आला. तोफा आदेशाने थांबतात. मने आदेशाने जुळत नाहीत, हे दोन्ही वृद्ध नेते जाणून होते.

याच मार्गावरील एक पाऊल म्हणजे २०१० साली सुरू झालेला फ्रान्झ हेसेल पुरस्कार. बर्लिनजवळील गेन्सहागेन प्रतिष्ठान आणि लियाँ येथील व्हिला जिले या संस्थांनी तो स्थापन केला. एक फ्रेंच व एक जर्मन लेखक निवडायचा आणि त्यांचे लेखन सीमेपलीकडच्या भाषेत जावे यासाठी वाट मोकळी करायची, हा त्यामागील हेतू.

पुरस्काराला दिलेले नाव अर्थपूर्ण आहे. हेसेल यांनी वाल्टर बेन्यामिन यांच्यासह मार्सेल प्रूस्तची महाकादंबरी जर्मन भाषेत आणण्याचे काम केले. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. ज्या फ्रान्सचे साहित्य त्यांनी स्वभाषकांपर्यंत पोहोचवले, त्याच फ्रान्सने १९४० मध्ये त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबले. जानेवारी १९४१ मध्ये सानारी येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र स्टेफान मात्र फ्रान्सच्या मुक्तिलढ्यात उतरले आणि बुखेनवाल्डच्या यातना भोगूनही जिवंत परतले.

दोन्ही देशांतील सुशिक्षितांना इंग्रजी येते; मग अनुवादाचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. तिसऱ्याच्या भाषेतून व्यवहार होतो, परिचय होत नाही. शेजाऱ्याच्या घरातील सुखदुःख त्याच्याच भाषेत नांदते आणि ते आपल्या घरात आणायचे तर आपल्याच भाषेत आणावे लागते. हे काम बाजारावर सोडून भागत नाही, कारण अपरिचित परभाषक लेखकावर पैसे लावण्यास प्रकाशक सहसा धजत नाही. म्हणूनच अशा पुरस्काराची गरज असते.

दोन्ही देशांनी ज्याला परका ठरवले, त्याच्याच नावाने आज दोन्हीकडचे लेखक गौरविले जातात. इतिहासाचे ऋण फेडण्याची ही रीत उशिराची असली, तरी उचित आहे.