मैत्रीच्या दोन रीती

बेंगळूरुच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाते. जयप्रकाश आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी या दोघांनीही जिवाभावाची मैत्री जोडली. पण त्या मैत्रीच्या रीती निराळ्या होत्या. स्त्री आणि पुरुष मैत्रीकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात, असे म्हटले जाते. ते कितपत खरे, हे या उदाहरणावरून तपासून पाहू.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ साली जयप्रकाशांना अटक झाली. नाशिकच्या तुरुंगात मिनू मसानी, अच्युत पटवर्धन आदी तरुणांशी त्यांचा स्नेह जुळला. देशाच्या भवितव्याची चर्चा हा त्या स्नेहाचा पाया होता. त्यातूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. पुढे मसानींची मते पालटली आणि ते १९३९ मध्ये पक्षातून बाहेर पडले. तरीही दोघांमधील स्नेह टिकून राहिला.

कमला नेहरू या प्रभावतीदेवींच्या जिवलग मैत्रीण होत्या. सासरच्या भरल्या घरात कमला नेहरूंना एकटेपणा जाणवे. मनातील व्यथा त्या प्रभावतीदेवींना पत्रांतून कळवीत. १९३६ मध्ये कमला नेहरूंचे निधन झाले. पण प्रभावतीदेवींनी ती पत्रे जपून ठेवली. १९७३ मध्ये प्रभावतीदेवीही गेल्या. त्यानंतर जयप्रकाशांनी ती पत्रे कमला नेहरूंच्या कन्या इंदिरा गांधी यांच्या स्वाधीन केली.

पुरुषांची मैत्री कामातून जुळते आणि स्त्रियांची मनोगतातून, असा निष्कर्ष यावरून काढावासा वाटतो. परंतु हा भेद उपजत आहे, असे मला वाटत नाही. तो मिळालेल्या संधीचा भेद आहे. पुरुषाला चावडी, कचेरी, कारखाना अशा ठिकाणी सोबती भेटत गेले. स्त्रीच्या मैत्रिणी मात्र लग्नाबरोबर माहेरी राहिल्या. भेटीचे क्षण थोडे, म्हणून त्या क्षणांत मन मोकळे करणे तिला अगत्याचे वाटले. संधी मिळताच चित्र बदलते. बचत गटांत एकत्र येणाऱ्या स्त्रियांची मैत्री हिशेब, कर्ज आणि उद्योग यांतूनच फुलते.

पुरुषांची रीत मात्र तितकी बदललेली नाही. चारचौघांत हसणारा माणूस नोकरी गेली, कर्ज झाले, तर ते मित्रालाही सांगत नाही. दुःख बोलून दाखवणे हा दुबळेपणा आहे, असे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. कामातून जुळलेली मैत्री काम सुटताच विरून जाते आणि अडचणीच्या वेळी तो एकाकी पडतो.

म्हणून दोघांनीही एकमेकांची रीत शिकली पाहिजे. स्त्रियांनी घराबाहेरच्या कार्यात सोबत शोधावी. पुरुषांनी सोबत्याजवळ मन उघडे करावे. ज्याच्याबरोबर काम करता येते आणि ज्याच्याजवळ रडताही येते, तोच खरा मित्र होय.